उजवीकडे गार लागतंय

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. सिनेमागृहातली नव्हे, आणि जिच्यासाठी मोठी माणसे भाषणे करत फिरतात ती तर मुळीच नव्हे. मी एका व्हॅनच्या ड्रायव्हरची सीट आहे. माझ्या अंगावर राखाडी रंगाचे, चौकटीचौकटींच्या विणीचे कापड आहे. दाराकडच्या कडेला एक शिवण उसवली आहे आणि तिथून माझा पिवळा फोम बाहेर डोकावत असतो. वय झाले की कुठून ना कुठून आतले बाहेर दिसायला लागतेच.

तुम्ही माणसे एकमेकांना तोंडावरून ओळखता. माझे तसे नाही. माझ्याकडे सगळे पाठ करूनच बसतात, आणि त्यात त्यांना माझा अपमान करायचा नसतो. मला कळतो तो माणसाचा भार. कोण रागात आहे, कोण थकले आहे, कोण भांडण अर्धवट सोडून गाडीत बसले आहे, हे मला बसता क्षणी कळते. रागावलेला माणूस धपकन बसतो. थकलेला हळूहळू उतरतो, जणू मी तिथे आहे की नाही याची त्याला खात्री नसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर स्प्रिंगा ताणल्या, साच्यात फुगवलेला फोम बसवला आणि वरून कव्हर चढवले. माझ्याबरोबर त्याच साच्यातून माझी जुळी बहीण निघाली. आम्हा दोघींना एकाच व्हॅनमध्ये, शेजारी शेजारी बसवले. मला ड्रायव्हर मिळाला आणि तिला उरलेली जागा. जुळ्यांच्या नशिबातही असा फरक असतो, पण ती कधी कुरकुरली नाही.

आमची व्हॅन होती वृद्धांच्या विरंगुळा केंद्राची. रोज सकाळी घरोघरी जाऊन आजी-आजोबांना उचलायचे, केंद्रावर आणायचे आणि दुपार कलली की पुन्हा घरी पोहोचवायचे. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. ते कुठल्या सैन्यात नव्हते की जहाजावर नव्हते. पण गाडी सुरू करण्याआधी ते मागे वळून मोठ्याने विचारत, “दात, चष्मा, काठी?” मग मागची मंडळी आपापले तोंड, नाक आणि हात चाचपून “आहे, आहे” म्हणत. एकदा एका आजोबांची कवळी घरी राहिली होती आणि दिवसभर त्यांना फक्त सूप मिळाले होते. तेव्हापासून ही हजेरी सुरू झाली. तिच्याशिवाय गाडी हलत नसे.

कॅप्टनच्या शेजारी, माझ्या बहिणीवर, त्यांची पत्नी बसे. तिला सगळे काकू म्हणत. प्रत्येक घरापाशी उतरायचे, हात धरून माणसाला चढवायचे, पट्टा लावायचा, मांडीवर पांघरूण घालायचे, ही काकूंची कामे. खरे सांगायचे तर काकूंनाही गाडी चालवता येत असे. लग्नाआधी त्या एका बेकरीची गाडी चालवत. पण लग्नानंतर एकदाच त्यांनी नवऱ्याला शेजारी बसवून गाडी नेली. कॅप्टन वाटभर “अगं हळू”, “अगं गिअर”, “अगं तो सायकलवाला” असे म्हणत राहिले आणि घर येईपर्यंत दोघांचे बोलणे बंद झाले. त्यानंतर संसार टिकावा म्हणून काकूंनी शेजारची सीट पत्करली.

आमच्या गावात हिवाळा कडक. सकाळी काचेवर बर्फाची साय धरलेली असे. गाडीतला जुना हीटर सगळी गरम हवा काचेवर फुंकायचा आणि माणसांच्या वाट्याला आवाज यायचा. रात्रभर उघड्यावर उभी राहून मी दगडासारखी गार पडत असे. कॅप्टनची कमर आधीच दुखरी. इतकी वर्षे बसून बसून तिने असहकार पुकारला होता. सकाळी ते माझ्यावर बसले की त्यांच्या तोंडून “स्स” असा आवाज निघे. काकू तो आवाज रोज ऐकत.

मग एक दिवस काकूंनी गाडी कुशनवाल्याच्या दुकानासमोर थांबवायला लावली.

हा कुशनवाला म्हणजे मोठा बोलका माणूस. दातांत दोरा धरूनही त्याला बोलता येत असे. त्याने आम्हा दोघी बहिणींची कव्हरे पूर्वी एकदा शिवली होती, त्यामुळे तो घरचाच.

“काकू, नवीन वस्तू आलीये,” तो म्हणाला. “सीटच्या आत घालायच्या हीटरच्या चटया. एक बसायच्या भागाला, एक पाठीला. बटण दाबलं की सीट तव्यासारखी.”

“तव्यासारखी नको,” काकू म्हणाल्या. “कमरेला शेक बसला की पुरे. यांच्या सीटला लावा.”

“आणि तुमच्या?”

“मला कुठे कमर आहे? मी दिवसभर वर-खालीच करत असते.”

कॅप्टन बाहेर उभे राहून आकाशाकडे बघत होते. ज्या गोष्टीची मनातून फार इच्छा असते ती दुसऱ्याने ठरवली की पुरुष असेच आकाशाकडे बघतात.

मग माझी शस्त्रक्रिया झाली. कुशनवाल्याने माझे चारही बोल्ट सोडवले आणि मला उचलून दुकानातल्या टेबलावर पालथे घातले. खालच्या तारेच्या कड्या पक्कडीने तोडल्या आणि माझे कव्हर अंगरख्यासारखे सोलून काढले. इतक्या वर्षांनी माझ्या फोमला हवा लागली. त्याने ब्रशने धूळ झाडली, चटईच्या मागचा चिकट कागद सोलला आणि ती माझ्या फोमवर हाताने दाबत दाबत, एकही सुरकुती न ठेवता बसवली. चटईत केसांसारख्या बारीक तारा होत्या. कव्हर परत चढले, नव्या कड्या आवळल्या, वायर खालून डॅशबोर्डापर्यंत नेली आणि तिथे एक गोल बटण बसले. मंद, मध्यम, जोरात.

“रुळांना तेल देऊ का?” माझ्या खालच्या, सीट पुढे-मागे सरकवायच्या रुळांकडे बघत कुशनवाल्याने विचारले. “पार गंजलेत.”

“कशाला?” कॅप्टन म्हणाले. “माझ्या मापाने लावलेली सीट आहे. ती कुठे जाणार?”

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन माझ्यावर बसले, बटण फिरवले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून “हं” असा आवाज निघाला. ‘स्स’ आणि ‘हं’ यांत किती अंतर आहे ते थंडीत गाडी चालवणाऱ्यालाच विचारा. मला इतका आनंद झाला की मी आणखी तापले असते, पण ते माझ्या हातात नव्हते. त्या आठवड्यात कॅप्टननी माझे कौतुक प्रत्येक थांब्यावर केले. आजोबा मंडळी मुद्दाम पुढे येऊन माझ्यावर हात ठेवून बघत. मास्तरीणबाई म्हणून एक आजी होत्या, आयुष्यभर गणित शिकवलेल्या. त्या म्हणाल्या, “कॅप्टन, आता उठाल की नाही सीटवरून?”

“तुम्ही सगळे उतरल्याशिवाय नाही,” कॅप्टन म्हणाले.

माझ्या बहिणीला हीटर नव्हता. काकू तिच्यावर गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसत आणि कॅप्टनचे ‘हं’ ऐकून समाधानाने खिडकीबाहेर बघत.

असा बराच हिवाळा गेला. मग एका सकाळी कॅप्टन म्हणाले, “उजवीकडे गार लागतंय.”

“कुठे उजवीकडे?” काकूंनी विचारले.

“सीटला. डावी बाजू तापते, उजवी नाही. अर्धीच चालतेय.”

मी गोंधळले. माझ्या दोन्ही बाजू सारख्या तापत होत्या. पण माझे कोण ऐकणार? व्हॅन पुन्हा दुकानासमोर उभी राहिली, पुन्हा बोल्ट, पुन्हा पक्कड, पुन्हा कव्हर. कुशनवाल्याने चटईवर तळहात फिरवला.

“तापतेय की सगळीकडे.”

“मग मी काय खोटं बोलतोय? त्यावर मी बसतो, तुझा हात नाही.”

धंद्याला डाग नको म्हणून त्याने जोडणी नवी केली. दुसऱ्या दिवशी कॅप्टन म्हणाले, “छे. उजवीकडे अजून गारच.” पुन्हा माझी चिरफाड झाली. या वेळी चटईच नवी घातली. तरी तेच. कॅप्टन आता बटण ‘जोरात’वर ठेवू लागले. डावीकडे त्यांना चटका बसे, म्हणून ते उजवीकडे रेलून बसत आणि वाटभर कुशनवाल्याला नावे ठेवत. “पूर्वी बरा होता. आता हातात कसब राहिलं नाही.” मागून कुणीतरी म्हणे, “कॅप्टन, पूर्वी सगळंच बरं होतं.” आणि मंडळी हसत.

हसत नव्हती फक्त मी. कारण मला आणखी काही कळत होते. मी म्हटले ना, मला भार कळतो. पूर्वी कॅप्टनचा उजवा पाय पेडलवर जायचा तेव्हा त्यांची मांडी माझ्या कडेवरून पाखरासारखी उठायची. आता ती उठतच नसे, ओढली जायची. कधी कधी ते पँट धरून पाय उचलून ठेवत. प्रत्येक चौकात त्यांची मान क्षणभर खाली वळे. पाय कुठे आहे ते बघायला. त्याच काळात ते सगळ्यांना सांगत होते की कमरेचे दुखणे एकदम थांबले. काकू म्हणत, “बघा, शेक लागू पडला.”

मित्रांनो, दुखणे थांबले की आपण बरे झालो असे आपण समजतो. कधी कधी दुखणे बोलायचे बंद झालेले असते, एवढेच.

एका सकाळी केंद्राच्या फाटकात गाडी थांबायला हवी तिथे थांबली नाही. हळूच पुढे गेली आणि कचऱ्याचा मोठा डबा आडवा झाला. कुणाला काही लागले नाही. केळीच्या साली तेवढ्या रस्ताभर पसरल्या.

“हा डबा काल इथे नव्हता,” कॅप्टन म्हणाले.

“डबा कसा चालेल हो?” मागून एक आजोबा म्हणाले, आणि पुन्हा हशा पिकला.

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आपली नेहमीची खिडकी सोडून बरोबर माझ्या मागे येऊन बसल्या. आणि प्रत्येक चौक यायच्या जरा आधी म्हणू लागल्या, “थांबा.”

“मला दिसतंय, बाई.”

“दिसत असेल. मी आपली सवयीने म्हणते. वर्गात म्हणायचे तसं.”

इकडे कुशनवाल्याने शेवटचा उपाय केला. त्याने माझी चटई काढली आणि तीच पालथी घालून बसवली. म्हणजे तिची उजवी बाजू डावीकडे आली आणि डावी उजवीकडे. बिघाड चटईत असेल तर आता गार डावीकडे लागायला हवे होते. कॅप्टनना त्याने हे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच्या दारात. “आता?” त्याने विचारले.

“उजवीकडेच गार लागतंय. काय केलंस काय काल?”

कुशनवाल्याने दातांतला दोरा काढला. बोलका माणूस, पण त्या दिवशी कॅप्टनना ‘बघतो’ एवढेच म्हणाला. कॅप्टन टायरची हवा बघायला गेले तेव्हा तो काकूंच्या खिडकीशी आला.

“काकू, चटई उलटी घातली काल. बाजूला बाजू फिरवली. तरी यांना उजवीकडेच गार लागतंय.”

“मग?”

“मग काय. सीट मी चार वेळा उघडली. सीटमध्ये काही नाही.”

एवढे बोलून तो आत गेला. काकू घोंगडीची किनार बोटांनी सरळ करत बसून राहिल्या.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. आजी-आजोबा केंद्रात जेवत होते. कॅप्टन आणि काकू नेहमीप्रमाणे गाडीतच डबा खात. खाऊन झाले की काकू त्यांच्या कमरेला मलम चोळत. दुखणे गेले तरी ही रीत चालू होती. मलमापेक्षा त्या निमित्ताने थोडे बोलणे होई. कॅप्टन दाराकडे तोंड करून माझ्यावर आडवे बसले आणि सदरा वर केला. काकूंनी डबीचे झाकण उघडले आणि त्यांचा हात थांबला.

“अहो, हे काय?”

“काय?”

“इथे खाली. लाल झालंय.”

“डास चावला असेल.”

“डास चौकटी काढून चावत नाही.”

कमरेच्या खाली, उजव्या बाजूला, माझ्या कापडाची वीण त्यांच्या कातडीवर उमटली होती. गणिताच्या वहीसारखी, चौकट न् चौकट. मी रोज ‘जोरात’वर तापत होते. तापणे एवढेच मला सांगितलेले होते. पुरे झाले हे मला माणसाने सांगायचे असते, आणि त्यांच्या त्या बाजूला सांगणारे कुणी उरले नव्हते.

“दुखतंय का?” काकूंनी विचारले.

“कुठे?”

“मी बोट ठेवलंय तिथे.”

“मग ठेव की. ठेवलंस की सांगतो.”

काकूंचे बोट केव्हापासून तिथेच होते. त्यांनी आणखी थोडे दाबले. कॅप्टन समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहत राहिले.

काकूंनी डबीचे झाकण लावले. सदरा खाली ओढला. “सरळ बसा,” त्या म्हणाल्या.

“मलम?”

“मलम राहू दे. समोर बघा. खाली बघायचं नाही. उजवा पाय ब्रेकवर ठेवा.”

“ही काय शाळा मांडलीस?”

“ठेवा हो.”

माझ्या कडेवरून मांडी ओढली गेली. “ठेवला.”

“ठेवलाय?”

“ठेवलाय म्हटलं ना.”

“आता खाली बघा.”

पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या बाजूला, खालच्या रबरावर पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या बुटासारखा. कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिले. माणूस तेवढाच होता, पण माझ्या स्प्रिंगांना तो एकाएकी जड लागू लागला.

“कधीपासून?” काकूंनी विचारले.

“फाटकातला डबा पडला त्याच्या आधीपासून. पण बघितलं की सापडतो गं पाय.”

“आणि तुम्ही पाय शोधताना समोर कोण बघतं?”

कॅप्टननी पँट धरून पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे कुशनवाल्याला मी उगाचच नावं ठेवली.”

“ठेवलीत.”

“बिचाऱ्याने चार वेळा सीट उघडली.”

“त्याला सांगू आपण.”

“आजचा फेरा तरी नेऊ दे,” कॅप्टन म्हणाले. आवाज इतका हळू की मला तो पाठीतूनच ऐकू आला. “सगळ्यांना घरी सोडतो. मग उद्यापासून बघू.”

“बरं. मी आत जाऊन विचारून येते त्यांना. कॅप्टनचा पाय सापडला तर घरी पोहोचाल, चालेल का म्हणून.”

मला त्या क्षणी काकूंचा राग आला होता. इतके कठोर बोलायची काय गरज, असे वाटले. पण मग माझ्या लक्षात आले. ज्या माणसाला त्यांनी ऊब मिळावी म्हणून सगळा खटाटोप केला, त्याच्याच हातातून त्या त्याची गाडी काढून घेत होत्या. हे प्रेमाचे काम त्यांच्याऐवजी करायला दुसरे कुणी नव्हते.

कॅप्टननी किल्ली काढली. काकूंच्या हातात मात्र दिली नाही, डॅशबोर्डावर ठेवली. मग दार उघडून, गाडीला धरून, ते माझ्यावरून उतरले.

काकू माझ्यावर येऊन बसल्या. त्यांचा भार मला नवीन होता, हलका आणि काटकोनात. त्यांनी पाय लांब केले आणि ते पेडलपर्यंत पोहोचलेच नाहीत. खालचा दांडा ओढून त्यांनी मला पुढे सरकवायचा प्रयत्न केला. मी जागची हलले नाही. इतकी वर्षे एकाच मापावर बसून माझे रूळ धरले होते. मित्रांनो, मला सरकायचे होते, खरेच. पण गंज हा काही सीटचा हट्ट नसतो.

एवढ्यात केंद्रातून मंडळी बाहेर आली. काठ्या, चष्मे, शाली. काकू ड्रायव्हरच्या जागी आणि कॅप्टन बाहेर, हे बघून सगळे थबकले.

“काय झालं?” मास्तरीणबाईंनी विचारले.

सगळ्यांचे डोळे कॅप्टनवर. त्यांना काहीही सांगता आले असते. डोळ्यांत काही गेले, पोट बिघडले, काहीही.

“माझा पाय बधिर झालाय,” कॅप्टन म्हणाले. “ब्रेक कळत नाही मला. आज गाडी ही नेईल.”

कुणी हसले नाही. मग डब्यावर विनोद करणारे आजोबा पुढे आले आणि त्यांनी कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. “मग या आमच्यात मागे. जागा आहे. दात, चष्मा, काठी विचारायला तुम्ही तर पाहिजेच.”

“बरं झालं तुम्हीच सांगितलंत,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी उद्या ऑफिसात जाऊन सांगणार होते. ‘थांबा, थांबा’ करून घसा बसला माझा.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मी वर्गात मागच्या बाकावरचे पाय बघून सांगायचे, कोण पळणार आहे ते.”

मग कॅप्टन मागच्या दाराने आत चढले. माझ्या मागे जागा करून, खाली बसून, त्यांनी आपला खांदा माझ्या पाठीला लावला. “दांडा ओढ,” ते काकूंना म्हणाले. “ओढलास? सोडू नकोस.”

इतकी वर्षे त्यांची पाठ मला टेकलेली असायची. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा खांदा मला मागून टेकला. ते मला स्वतःपासून दूर ढकलत होते, बायकोचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचावा म्हणून. पहिल्या जोराला मी करकरले. दुसऱ्याला थरथरले. मग कुठेतरी आत गंजाचा खपला तुटला आणि मी सरकले.

“आणखी?” कॅप्टननी मागून विचारले.

“आणखी थोडं.”

त्यांनी आणखी थोडे ढकलले.

मग ते पुढे येऊन माझ्या बहिणीवर बसले, मागे वळले आणि म्हणाले, “दात, चष्मा, काठी?” “आहे, आहे,” मंडळी म्हणाली. गाडी निघाली. काकूंनी पहिला चौक घेतला तेव्हा शेजारून धप् असा आवाज आला.

“तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये,” काकू म्हणाल्या.

“माहितीय.”

“मग पाय कशाला आपटताय?”

“आपटतोय का मी? मला कुठे कळतंय.”

काकूंना हसू फुटले. मग कॅप्टनना. मागच्या मंडळींना काही कळले नाही, पण तीही हसली, कारण म्हातारपणी हसण्याची गाडी सोडायची नसते. पुढच्या रस्त्याला लागल्यावर काकूंनी बटण ‘मंद’वर फिरवले आणि थोड्या वेळाने माझ्यावर सैल होऊन बसल्या.

“केवढी ऊब आहे हो ही,” त्या म्हणाल्या. “एवढे दिवस तुम्ही एकट्याने घेत होतात?”

“अर्धीच,” कॅप्टन म्हणाले.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी तपासले तेव्हा कळले की पाठीच्या कण्याशी एक नस दाबली गेली होती. कॅप्टनचे ऑपरेशन झाले. भाजलेली जागा भरली. पुढे एका दुपारी गाडीत मलम चोळताना काकूंनी बोट दाबले आणि कॅप्टन “आई गं” करून ओरडले. काकूंना एवढा आनंद झाला की त्यांनी पुन्हा दाबून बघितले. पावलात मात्र पुरती जाण आली नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी नको. कॅप्टननी परवाना स्वतः नेऊन परत केला. त्या दिवशी वाटभर त्यांनी एकदाही “अगं हळू” म्हटले नाही.

कुशनवाल्याकडे ते मुद्दाम गेले. “चुकलो रे,” म्हणाले. “बिघाड माझ्यात होता आणि सोलून काढलं तुला आणि सीटला.”

“मला वाटलं, माझा धंदा बुडवताय,” कुशनवाला दोरा दातांत धरून म्हणाला. “बसा. रुळांना तेल देतो.”

आता मी काकूंची सीट आहे. कॅप्टन शेजारी बसतात. “अगं हळू” म्हणायचे त्यांनी सोडलेले नाही. पण काकूंनी भुवई उचलली की ते मागे वळून दात आणि चष्मे विचारू लागतात. माझा हीटर आता जेमतेम ‘मंद’वर चालतो आणि फोम बसला आहे. एक दिवस मला काढतील आणि नवी सीट घालतील. त्याचे मला दुःख नाही. जाण्याआधी एक विनंती मात्र करते.

तुमच्या घरी कुणी मोठे माणूस कुरकुरायला लागले, चहा गरम नाही, चप्पल सैल झाली, सीट तापत नाही, तर ती वस्तू जरूर तपासा. आम्हा वस्तूंमध्येही बिघाड होतात, आम्ही काही देव नाही. पण वस्तू धड निघाली तर कुरकुर हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाच्या जवळ बसा, त्याच्या पायावर हात ठेवा आणि विचारा, “माझा हात कळतो का?” ते चिडतील, डासाचे नाव सांगतील, डब्याला दोष देतील. तरी हात काढू नका.

मी त्या माणसाला रोज टेकून होते, आणि मला ते विचारता आले नाही. तुम्हाला येते.